सुलतानाचे वकील मेहमेद चेलेबी

आज दोन देशांच्या प्रमुखांना एकमेकांशी बोलायचे असेल, तर ते दूरध्वनीवर बोलतात किंवा विमानाने जाऊन भेटतात. तीनशे वर्षांपूर्वी असे नव्हते. राजा आपला वकील दुसऱ्या राजाकडे पाठवी. वकील म्हणजे आजच्या भाषेत राजदूत. वकिलाचा मान तो राजाचा मान आणि वकिलाचा अपमान तो राजाचा अपमान, असे समजले जाई. त्यामुळे परदेशी वकिलाचे स्वागत हे केवळ पाहुणचाराचे काम नसे. वकिलाने शहरात घोड्यावरून यायचे की गाडीतून, त्याच्या उजव्या हाताला कोणी चालायचे, राजापुढे त्याने किती वेळा लवायचे, पत्र घेताना राजाने उठायचे की बसून राहायचे, अशा प्रत्येक गोष्टीवरून वाद होत. फ्रान्सच्या दरबारात तर परदेशी वकिलांना राजासमोर नेण्यासाठी खास अधिकारी नेमलेले असत. सगळे रीतिरिवाज त्यांना तोंडपाठ असावे लागत.

अशा या दरबारात १७२१ साली उस्मानी सुलतानाचे वकील म्हणून मेहमेद चेलेबी गेले. त्यांच्या स्वागतासाठी सारे पॅरिस शहर रस्त्यावर लोटले होते. पण इतिहासात त्यांचे नाव राहिले, ते या थाटामुळे नव्हे. त्यांनी जे पाहिले आणि जे लिहून ठेवले, त्यामुळे ते राहिले.

मेहमेद हा मुहम्मद या नावाचा तुर्की उच्चार आहे. मेहमेद चेलेबी यांचा जन्म एदिर्ने या शहरात झाला. त्यांचे वडील सुलेमान आगा हे यनिचेरी फौजेत अधिकारी होते. एका मोहिमेवर असतानाच त्यांचा मृत्यू झाला. पुढे मेहमेदही त्याच फौजेत दाखल झाले. यनिचेरी ही सुलतानाची कायमची पगारी फौज होती. तिच्या अनेक पलटणी होत्या आणि प्रत्येक पलटणीला एक क्रमांक असे. मेहमेद अठ्ठाविसाव्या पलटणीत होते. तुर्की भाषेत अठ्ठाविसाला यिर्मिसेकिझ म्हणतात. हाच आकडा त्यांचे टोपणनाव झाला आणि लोक त्यांना यिर्मिसेकिझ मेहमेद चेलेबी म्हणू लागले. चेलेबी हा सभ्य व सुशिक्षित माणसाला लावायचा मानाचा शब्द. अशा रीतीने पलटणीचा आकडा आणि विद्वत्तेचा मान या दोन्ही गोष्टी त्यांच्या एकाच नावात आल्या.

मेहमेद चेलेबी केवळ शिपाईगिरीत रमले नाहीत. त्यांना वाचनाची आवड होती. फैजी या नावाने ते कविताही करीत. त्यांची हुशारी पाहून त्यांना सरकारी टांकसाळीचा कारभार सोपवण्यात आला. पुढे खजिन्याच्या हिशेबाची मोठी कामेही त्यांच्याकडे आली. हिशेबात चूक चालत नाही. प्रत्येक वस्तू मोजून, पारखून पाहण्याची जी सवय त्यांना येथे लागली, तिचा पुढे फार उपयोग झाला.

त्या वेळी उस्मानी साम्राज्य फार मोठे होते. पण त्याची पूर्वीची ताकद राहिली नव्हती. १७१८ साली ऑस्ट्रियाशी तह करावा लागला. या तहात बेलग्रेडसारखे महत्त्वाचे शहर हातचे गेले. तहाच्या वाटाघाटींत मेहमेद चेलेबी यांनीही भाग घेतला होता. युरोपातील फौजा पूर्वीपेक्षा बलवान का झाल्या, हा प्रश्न त्या काळी जाणत्या लोकांना सतावू लागला होता. सुलतान तिसरा अहमद आणि त्याचा वजीर दामाद इब्राहिम पाशा यांनी ठरवले, की आपला एक शहाणा माणूस फ्रान्सला पाठवावा. फ्रान्सच्या राजाशी मैत्री वाढवावी, हा एक हेतू होता. जेरुसलेम येथील ख्रिस्ती लोकांच्या एका पवित्र चर्चच्या दुरुस्तीला सुलतानाने परवानगी दिली होती. ती बातमी फ्रान्सला कळवणे, हे वकिलातीचे उघड कारण होते. याशिवाय फ्रान्समधील किल्ले, कारखाने आणि विद्या नीट पाहून त्यांचा अहवाल आणावा, असेही त्यांना सांगण्यात आले. या कामासाठी मेहमेद चेलेबी यांची निवड झाली. त्यांचा मुलगा सईद हाही त्यांच्याबरोबर निघाला.

ऑक्टोबर १७२० मध्ये ही मंडळी इस्तंबूलहून जहाजाने निघाली. सुमारे दीड महिन्याने ती फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील तूलाँ या बंदरात पोहोचली. पण त्या वर्षी जवळच्या मार्सेय शहरात प्लेगची भयंकर साथ आली होती. हजारो माणसे मरत होती. परदेशातून आलेल्या माणसांना एकदम देशात घेणे धोक्याचे होते. त्यामुळे सुलतानाच्या वकिलालाही नियम पाळावा लागला. मेहमेद चेलेबी व त्यांच्या सोबत्यांना माँपेलिए शहराजवळ समुद्रकाठी सुमारे चाळीस दिवस सर्वांपासून वेगळे ठेवण्यात आले. मोठ्या मानाने आलेल्या पाहुण्याचा पहिला मुक्काम असा एकांतवासात गेला.

मुदत संपल्यावर पुढचा प्रवास सुरू झाला. प्लेगच्या भागातून जाणारा जवळचा रस्ता बंद होता. म्हणून त्यांना दक्षिण फ्रान्समधील मोठ्या कालव्याने नेण्यात आले. हा कालवा १६८१ साली पुरा झाला होता. त्याची लांबी सुमारे २४० किलोमीटर आहे. वाटेत जमीन उंच होत जाते. मग बोट वर कशी चढते? त्यासाठी कालव्यात ठिकठिकाणी दरवाजे बसवलेले आहेत. बोट दोन दरवाजांच्या मधल्या हौदात आली, की मागचा दरवाजा बंद करतात आणि वरच्या बाजूचे पाणी आत सोडतात. हौद भरतो तशी बोटही वर उचलली जाते. मग पुढचा दरवाजा उघडतात. उतरताना याच्या उलट करतात. मेहमेद चेलेबी यांनी ही युक्ती बारकाईने पाहिली आणि तिचे सविस्तर वर्णन लिहून ठेवले. पॅरिस अजून दूर होते, पण त्यांचे खरे काम येथूनच सुरू झाले होते.

इकडे पॅरिसमध्ये त्यांच्या स्वागताची चर्चा चालू होती. फ्रान्सच्या दरबाराला मागचे अनुभव आठवत होते. १६६९ साली सुलेमान आगा नावाचा तुर्की दूत राजा चौदाव्या लुईकडे आला होता. त्या दिवशी राजाने हिऱ्यांनी मढवलेला पोशाख केला होता. सुलेमान आगा मात्र साध्या लोकरी वस्त्रांत आला. सुलतानाचे पत्र घेताना राजाने उभे राहिले पाहिजे, असा आग्रह त्याने धरला. राजाने तो मानला नाही. सुलेमान आगा नाराज होऊन परतला. दुसऱ्याच वर्षी मोलिएर या प्रसिद्ध नाटककाराने आपल्या एका नाटकात तुर्की समारंभाची टर उडवली आणि राजाचा दरबार ते पाहून खूप हसला. त्यानंतर १७१५ साली इराणच्या शाहाचा वकील आला. त्याच्याशीही मानपानावरून वारंवार खटके उडाले. असे पुन्हा होऊ नये, असे दोन्ही पक्षांना वाटत होते. कारण या वेळी मैत्रीची गरज दोघांनाही होती.

१६ मार्च १७२१ रोजी मेहमेद चेलेबी यांनी समारंभाने पॅरिस शहरात प्रवेश केला. ते घोड्यावर बसले होते. त्यांच्या बाजूने फ्रान्सच्या राजाचे मानकरी चालले होते. पुढे-मागे फ्रेंच घोडदळाच्या तुकड्या होत्या. मागून त्यांचे सोबती आपल्या देशाच्या पोशाखात येत होते. रस्त्यांच्या दोन्ही कडांना आणि घरांच्या खिडक्यांत माणसांची दाटी झाली होती. फेटे आणि लांब झगे घातलेले पाहुणे पाहण्यासाठी लोक तासन्‌तास उभे होते.

पाच दिवसांनी, म्हणजे २१ मार्चला, राजाची भेट ठरली होती. राजा पंधरावा लुई त्या वेळी पॅरिसमधील त्वीलरी राजवाड्यात राहत होता. तो चौदाव्या लुईचा पणतू होता आणि त्याचे वय केवळ अकरा वर्षांचे होते. राज्याचा कारभार त्याचा नातेवाईक ड्यूक फिलिप पाहत असे. राजवाड्यासमोरील बागेत सैनिकांच्या रांगा उभ्या होत्या. मेहमेद चेलेबी बागेतून घोड्यावरून आले. हा देखावा इतका प्रेक्षणीय होता, की पारोसेल नावाच्या चित्रकाराने पुढे त्याचे मोठे चित्र काढले.

राजवाड्याच्या लांब दालनात दरबार भरला होता. टोकाला सिंहासनावर तो लहान राजा बसला होता. त्याचा मखमली पोशाख जडजवाहिरांनी भरलेला होता. खांद्यावरच्या मोत्या-हिऱ्यांच्या गुच्छात एक अतिशय मोठा हिरा चमकत होता. हा हिरा सुमारे १४० कॅरेट वजनाचा होता. तो कोठला होता, ठाऊक आहे? तो आपल्या दख्खनमधील गोवळकोंड्याच्या प्रसिद्ध खाणींतून निघालेला होता. मद्रासच्या एका इंग्रज गव्हर्नराने तो विकत घेतला आणि इंग्लंडला पाठवला. १७१७ साली ड्यूक फिलिप यांनी तो फ्रान्सच्या राजासाठी खरेदी केला. राजाने तो पहिल्यांदा अंगावर घातला, तो याच दिवशी, तुर्की वकिलाच्या भेटीच्या वेळी.

मेहमेद चेलेबी यांनी आपल्या देशाच्या रीतीप्रमाणे आदर व्यक्त केला. सुलतानाचा आणि वजिराचा खलिता त्यांनी सादर केला. खलिता म्हणजे रेशमी थैलीत घातलेले राजपत्र. दुभाष्याच्या मदतीने मैत्रीची भाषणे झाली. कोठेही वाद झाला नाही, की कोणाचा मान कमी झाला नाही. १६६९ साली जे बिघडले होते, ते या वेळी सुरळीत पार पडले.

या साऱ्या वैभवाच्या मागे एक गोष्ट लपलेली होती. फ्रान्सची स्थिती त्या वेळी चांगली नव्हती. चौदाव्या लुईच्या लढायांमुळे देशावर कर्जाचा डोंगर झाला होता. कागदी पैशाचा एक मोठा प्रयोग १७२० साली फसला होता आणि अनेक कुटुंबे त्यात बुडाली होती. दक्षिणेत प्लेग होता. राजा तर मूल होता. जितकी अडचण मोठी, तितका थाट मोठा ठेवावा लागतो. पाहुण्याला आपली कमजोरी दिसू नये, म्हणून त्या अकरा वर्षांच्या मुलाच्या अंगावर हिऱ्यांचा भार चढवला होता. मेहमेद चेलेबीही एका हरलेल्या युद्धाची आठवण मनात ठेवून आले होते. तेही आपल्या सुलतानाचा मान तसूभर कमी होऊ देणार नव्हते. दोन अडचणीतील राज्ये एकमेकांसमोर आपापली शान दाखवत होती.

पुढे एकदा राजाची खासगी भेट झाली. त्या वेळी सिंहासन नव्हते आणि सैनिकांच्या रांगाही नव्हत्या. छोट्या राजाने पाहुण्यांचे कपडे व त्यांचे खंजीर कुतूहलाने पाहिले. राजाचे वृद्ध पालक मार्शल व्हिलरुआ यांना आपल्या राजाचा फार अभिमान होता. राजा किती सुंदर आहे, त्याचे केस टोपाचे नसून खरे आहेत, हे त्यांनी पाहुण्यांना दाखवले. त्याची चाल पाहावी म्हणून त्यांनी त्याला चालायला आणि मग धावायलाही सांगितले. मेहमेद चेलेबी यांनी ही हकिकत मोठ्या प्रेमाने लिहिली आहे. दरबारात त्यांना राजा भेटला होता. येथे त्यांना एक मुलगा भेटला.

दरबारी भेट झाली म्हणजे बहुतेक वकिलांचे काम संपत असे. मेहमेद चेलेबी यांचे मात्र तसे नव्हते. ते पुढे चार-साडेचार महिने पॅरिसमध्ये राहिले आणि सतत काही ना काही पाहत राहिले. गोबलाँ येथील कारखान्यात विणकर भिंतीवर लावायचे चित्रपट विणत असत. त्यांतील माणसांच्या चेहऱ्यांवरचे हसू आणि दुःख धाग्यांनी इतके हुबेहूब विणलेले पाहून त्यांना आश्चर्य वाटले. मार्ली येथे सेन नदीच्या काठी एक प्रचंड यंत्र होते. चौदा मोठी चाके नदीच्या प्रवाहाने फिरत आणि पाणी उंच टेकडीवर चढवत. ते पाणी पुढे राजाच्या बागांतील कारंज्यांना जाई. व्हर्सायचा राजवाडा, तेथील बागा, औषधी वनस्पतींचा बाग आणि किल्ल्यांच्या लहान प्रतिकृती हेही त्यांनी पाहिले. नाटकगृहात जाऊन त्यांनी संगीत नाटकही पाहिले.

पॅरिसची वेधशाळा त्यांना विशेष आवडली. तेथे मोठमोठ्या दुर्बिणी होत्या. कॅसिनी हे तेथील खगोलशास्त्रज्ञ होते. तुम्ही समरकंदच्या उलुग बेगचे नाव ऐकले असेल. हा बादशहा स्वतः मोठा खगोलशास्त्रज्ञ होता. पंधराव्या शतकात त्याने ग्रहताऱ्यांची कोष्टके तयार केली होती. तीच कोष्टके उस्मानी राज्यात वापरली जात. पण आता नव्या दुर्बिणींमुळे अधिक अचूक मोजणी होऊ लागली होती. मेहमेद चेलेबी यांना कॅसिनींच्या नव्या कोष्टकांची प्रत देण्यात आली. आपल्या लोकांचे जुने ज्ञान मोठे होते, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून नवे ज्ञान घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. ती प्रत त्यांनी जपून इस्तंबूलला नेली.

ते लोकांना पाहत होते, तसे लोकही त्यांना पाहत होते. ते जातील तेथे गर्दी होई. त्यांचे जेवणखाण पाहायलाही माणसे जमत. जूनच्या अखेरीस रमजानचा महिना आला. मेहमेद चेलेबी आणि त्यांचे सोबती परक्या देशातही रोजे ठेवत. उन्हाळ्याचे दिवस होते आणि पॅरिसमध्ये उन्हाळ्यात सूर्य फार उशिरा मावळतो. संध्याकाळी इफ्तार आणि रात्री तरावीहची नमाज पाहण्यासाठी शहरातील प्रतिष्ठित स्त्रिया येऊन बसत. आपण जेवताना अनोळखी माणसांनी पाहत राहावे, हे कोणाला आवडेल? मेहमेद चेलेबी यांनाही ते अवघड गेले. पण फ्रेंच लोक आपल्या राजालाही जेवताना असेच पाहतात, हे त्यांच्या ध्यानात आले होते. ही त्यांची रीत आहे, असे समजून त्यांनी ते सोसले. आपला धर्म त्यांनी सोडला नाही आणि पाहुणचार करणाऱ्यांचे मनही मोडले नाही.

ऑगस्ट १७२१ मध्ये ते पॅरिसहून निघाले आणि ऑक्टोबरमध्ये इस्तंबूलला पोहोचले. त्यांनी आपल्या प्रवासाचा अहवाल लिहून सुलतानाला सादर केला. अशा अहवालाला तुर्कीत सफारतनामा म्हणतात. पूर्वीचे वकील बहुधा कोणी किती मान दिला एवढेच लिहीत. या सफारतनाम्यात मानपान तर आहेच, पण त्याबरोबर कालवे, यंत्रे, बागा, वेधशाळा आणि माणसांच्या चालीरीतीही आहेत. भाषा साधी आहे आणि वर्णन नेमके आहे. ज्यांचा एके काळी शत्रू म्हणूनच विचार होत असे, त्यांच्याकडील चांगल्या गोष्टी त्यांनी मोकळेपणाने सांगितल्या. या पुस्तकाला मोठी कीर्ती मिळाली. १७५७ साली त्याचे फ्रेंच भाषांतरही प्रसिद्ध झाले. ज्यांनी पाहुण्याला टक लावून पाहिले होते, त्यांना पाहुण्याने आपल्याला कसे पाहिले, हे तेव्हा वाचायला मिळाले.

या प्रवासाचे एक मोठे फळ त्यांच्या मुलाच्या हातून मिळाले. सईद यांनी फ्रान्समध्ये छापखान्याचे महत्त्व ओळखले होते. इस्तंबूलमधील ज्यू, आर्मेनियन व ग्रीक लोकांचे छापखाने पूर्वीपासून होते. पण तुर्की भाषेतील पुस्तके तेव्हा हातानेच लिहिली जात. सईद आणि इब्राहिम मुतफर्रिका यांनी मिळून अशी पुस्तके छापण्याची परवानगी मागितली. १७२७ साली सुलतानाचे फर्मान निघाले आणि शेखुल इस्लाम यांनीही संमती दिली. १७२९ साली या छापखान्यातून पहिले पुस्तक बाहेर पडले. तो अरबी शब्दांचे तुर्कीत अर्थ देणारा कोश होता.

इस्तंबूलमध्ये मात्र सारे आलबेल नव्हते. सुलतान आणि वजीर यांनी शहराबाहेर नवे महाल व बागा उभ्या केल्या. सरदारांनीही त्यांचे अनुकरण केले. फ्रान्समधील यंत्रे आणि विद्या घरी आणणे कठीण होते. महाल आणि कारंजी आणणे सोपे होते. दुसरीकडे करांमुळे गरीब लोक त्रासले होते. इराणच्या सरहद्दीवरून पराभवाच्या बातम्या येत होत्या. सप्टेंबर १७३० मध्ये पात्रोना खलील नावाच्या माणसाच्या नेतृत्वाखाली बंड झाले. वजीर इब्राहिम पाशा मारला गेला. सुलतान अहमद याला गादी सोडावी लागली. लोकांनी बागांमधील महालांची मोडतोड केली. वजिराच्या मर्जीतील म्हणून मेहमेद चेलेबी यांच्यावरही संकट आले. त्यांना सायप्रस बेटावर पाठवण्यात आले. तेथेच १७३२ साली त्यांचे निधन झाले. फामागुस्ता या गावात त्यांची कबर आहे. ज्यांच्यासाठी पॅरिसमध्ये घोडदळ उभे राहिले होते, त्यांचे अखेरचे दिवस घरापासून दूर गेले.

बंडात महाल मोडले, पण छापखाना वाचला. त्यातून पुढेही पुस्तके निघत राहिली. १७४२ साली सईद स्वतः सुलतानाचे वकील म्हणून फ्रान्सला गेले. या वेळी स्वागत व्हर्सायच्या राजवाड्यातील आरशांच्या दालनात झाले. सिंहासनावर तोच पंधरावा लुई होता. आता तो एकतीस वर्षांचा झाला होता. सईद यांना फ्रेंच भाषा उत्तम येत होती. वडील दुभाष्याच्या मदतीने बोलले होते, मुलगा आता स्वतः बोलू शकत होता. पुढे १७५५ साली सईद यांना वजिराचे सर्वोच्च पद मिळाले.

परक्या घरी जाताना आपला मान राखावा, तेथले चांगले ते निरखून पाहावे आणि घरी येऊन खरे तेच सांगावे. मेहमेद चेलेबी यांनी हे तिन्ही केले. त्वीलरीचा राजवाडा आता उरलेला नाही. पण तेथे गेलेल्या त्या पाहुण्याचा सफारतनामा आजही वाचला जातो.